चार वर्षांसाठी आलेली मुलं

१ एप्रिल १९७२, शनिवार. तुम्ही पूर्व लंडनच्या ग्रीन स्ट्रीटवर आहात आणि गर्दीच्या रेट्याने वेस्ट हॅम फुटबॉल क्लबाच्या अप्टन पार्क मैदानाकडे सरकताय. कोपऱ्यावरच्या बोलिन पबमधून बिअरचा आणि स्वस्त तंबाखूचा वास येतोय. माणसं गोदीतली, कारखान्यांतली. गळ्यात डाळिंबी-निळे मफलर. समोर टॉटनहॅमचा संघ आहे. लंडनमधल्याच दोन संघांची लढत, त्यामुळे आवाज आधीपासूनच चढलेला.

वेस्ट हॅमचा संघ मैदानात उतरतो तेव्हा नीट बघून घ्या. बर्म्युडाहून आलेला धिप्पाड क्लाइड बेस्ट. लागोसमध्ये जन्मलेला आडे कोकर. आणि तिसरा याच भागातला, कॅनिंग टाउनमध्ये वाढलेला वीस वर्षांचा बचावपटू, क्लाइव्ह चार्ल्स. इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत एकाच संघाकडून तीन कृष्णवर्णीय खेळाडू एकत्र खेळताहेत, हे आज पहिल्यांदाच घडतंय. वेस्ट हॅम २-० असा जिंकेल आणि लोक गात घरी जातील. इतर मैदानांवर याच मुलांना माकडांचे आवाज ऐकावे लागतात, अंगावर केळी झेलावी लागतात. आज मात्र टाळ्या आहेत.

क्लाइव्हचे वडील कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावरचे खलाशी, आई इथलीच गोरी. नऊ भावंडांत हा सगळ्यात धाकटा. त्याचा मोठा भाऊ जॉन याच क्लबात होता. १९६२ साली जॉन इंग्लंडच्या युवा संघातून खेळला. कोणत्याही वयोगटात इंग्लंडचा शर्ट घालणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. १९६३ साली त्याच्याच नेतृत्वाखाली वेस्ट हॅमने युवकांचा एफए कप जिंकला. म्हणजे वाट एका भावाने पाडली होती आणि दुसरा तिच्यावरून चालत होता.

पण क्लाइव्हची जागा लेफ्ट बॅकची, आणि तिथे फ्रँक लॅम्पार्ड ठाण मांडून बसलेला. पुढे चेल्सीकडून गाजलेल्या फ्रँकचा हा बाप. क्लाइव्हच्या वाट्याला मूठभर सामने येतात. १९७४ साली तो कार्डिफला जातो, तिथे कर्णधार होतो, आणि तिशी गाठण्याआधीच त्याच्यासमोर तो प्रश्न उभा राहतो जो प्रत्येक व्यावसायिक फुटबॉलपटूपुढे येतो. पाय थकल्यावर काय?

त्या काळच्या इंग्लंडमध्ये कृष्णवर्णीय माणसासाठी या प्रश्नाचं उत्तर फार अरुंद होतं. १९६० साली रॉचडेल या लहानशा क्लबाने टोनी कॉलिन्स यांना व्यवस्थापक नेमलं होतं, आणि त्यांनी १९६२ साली संघ लीग कपच्या अंतिम फेरीत नेऊनही दाखवला. तरी पुढची कित्येक वर्षं दुसरं कोणी त्या खुर्चीच्या जवळपास फिरकू शकलं नाही. मैदानात धावायला घेत होते. बाकावर बसून हुकूम सोडायला नाही. क्लाइव्ह इंग्लंडमध्येच थांबला असता तर आपल्याला आज त्याच्यामागे निघायचं कारण उरलं नसतं, असं मला अगदी ठामपणे वाटतं.

चला, अटलांटिक ओलांडू या. आणि मग पूर्ण अमेरिका आडवी.

१९७८. ऑरेगॉन राज्यातलं पोर्टलंड. उत्तरेकडच्या या शहराला पाऊस, पाइन आणि लाकूडकापीच्या गिरण्या माहीत. फुटबॉल म्हटलं की इथल्या माणसाला अंडाकृती चेंडूचा अमेरिकन खेळ आठवावा. तरी तुम्ही सिव्हिक स्टेडियममध्ये शिराल तर तुमचा विश्वास बसणार नाही. पोर्टलंड टिंबर्स नावाचा क्लब १९७५ साली निघाला, पहिल्याच वर्षी उत्तर अमेरिकी लीगच्या अंतिम फेरीत धडकला, आणि शहर या गोल चेंडूच्या प्रेमात पडलं. टिंबर जिम नावाचा एक माणूस यांत्रिक करवत घेऊन प्रेक्षकांसमोर फिरतो. कृत्रिम हिरवळीचा तो कडक गालिचा घसरलं की कातडी सोलतो. त्यावर डाव्या बगलेला क्लाइव्ह दिसेल. अंगाने आता भरलेला, चेंडूची घाई नसलेला. धावून चेंडू काढून घेण्यापेक्षा चेंडू जिथे येणार तिथे आधीच उभं राहणारा. ही सवय लक्षात ठेवा, पुढे तिचाच धडा होणार आहे.

लीग मात्र फुगा होती. न्यूयॉर्कने पेलेला आणलं, इतरांनी उसने पैसे ओतले, आणि हवा निघाली. १९८२ साली टिंबर्स बंद पडला. इंग्लंडहून आलेले बहुतेक खेळाडू आपापल्या गावी परतले. क्लाइव्ह काही काळ लॉस एंजेलिसमध्ये बंदिस्त मैदानावरचा फुटबॉल खेळला आणि परत पोर्टलंडला आला. पोर्टलंडला! जिथे त्याचा क्लब उरला नव्हता, जिथे व्यावसायिक फुटबॉलच उरला नव्हता. शहराबाहेरच्या रेनॉल्ड्स हायस्कूलच्या पोरांना त्याने शिकवायला घेतलं. लहान मुलामुलींसाठी एफसी पोर्टलंड हा क्लब उभा केला. बॉबी मूर कर्णधार असताना ज्याने वेस्ट हॅमचा शर्ट घातला, तो आता शाळकरी पोरांच्या बुटांच्या नाड्या सैल आहेत का ते बघतोय. त्यात कमीपणा आहे असं त्याला वाटल्याचं कुठेच दिसत नाही, आणि माझ्या लेखी त्याची खरी कारकीर्द इथे सुरू होते.

१९८६ साली पोर्टलंड विद्यापीठाने त्याला पुरुष संघाचा प्रशिक्षक केलं. १९८९ पासून महिला संघही त्याच्याकडे आला. दोन संघ, एक माणूस.

आता थोडं थांबा, कारण अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल समजल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तिथे विद्यापीठांचे खेळ ही एक स्वतंत्र दुनिया आहे. एनसीएए ही संस्था तिचे नियम ठरवते. फुटबॉलचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होऊन डिसेंबरात संपतो, म्हणजे साडेतीन महिन्यांत जे काय ते. पंचाच्या मनगटावरचं घड्याळ नाही. फलकावरचं घड्याळ पंचेचाळीस मिनिटांपासून उलटं शून्याकडे पळतं. त्या काळी पुरुष संघाला पूर्ण शिष्यवृत्त्या होत्या फक्त ९.९, दशांश चिन्हाची चूक नाही, खरंच नऊ आणि नऊ दशांश. त्या तुकडे करून वीस-पंचवीस मुलांत वाटायच्या. खेळाडू विकत घेता येत नाही, विकता येत नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे खेळाडूला खेळायला चारच हंगाम. अठराव्या वर्षी पोर येतं, त्याला काही धड येत नसतं. बाविसाव्या वर्षी ते तयार होतं आणि त्याच दिवशी निघून जातं. आपल्याकडे दहावीच्या वर्गावर जीव लावणारे मास्तर असतात ना, ज्यांच्या हातून दर जूनला अख्खी तुकडी निसटते, तसं हे. क्लबाचा व्यवस्थापक संघ बांधतो. कॉलेजच्या प्रशिक्षकाला दर वर्षी संघ नव्याने बांधावा लागतो, आणि बांधताना माहीत असतं की हा टिकणार नाही.

म्हणून कॉलेजला पायरी समजणारे पुष्कळ. क्लाइव्हने तिथे घर केलं.

ऑक्टोबर १९९४. पोर्टलंडच्या उत्तरेला विलॅमेट नदीच्या वर उंच कडा आहे आणि त्या कड्यावर हे कॅथॉलिक विद्यापीठ. विद्यार्थी जेमतेम काही हजार. अमेरिकन फुटबॉलचा संघ इथे नाही, त्यामुळे शरदातल्या संध्याकाळी सगळा कॅम्पस एकाच ठिकाणी लोटतो: मर्लो फील्ड. १९९० साली उभं राहिलेलं हे छोटेखानी मैदान, पाच हजार माणसांत गच्च भरतं. तुम्ही छत्री आणली नसेल तर भिजाल. इथला पाऊस आपल्या पावसासारखा कोसळत नाही, तो बारीक आणि चिवट, तासन् तास अंगावर बसत राहतो. व्हिला मारिया वसतिगृहाची मुलं थंडीत उघड्या अंगाने ढोल बडवताहेत. होय, ढोलपथकच. कानात बोटं घालू नका, दोन मिनिटांत तुमचाही पाय ठेका धरेल.

पण मला तुम्हाला सामन्याला नाही, सरावाला न्यायचंय. ढोल नाहीत, प्रेक्षक नाहीत. कठड्याला टेकून उभे राहा.

एक संघ सराव संपवून निघतोय, दुसरा येतोय, प्रशिक्षक तोच. क्लाइव्ह मध्ये उभा आहे. ट्रॅकसूट, डोक्यावर टोपी, लंडनच्या गोदीचा उच्चार इतक्या वर्षांनीही पुसला गेलेला नाही. काय म्हणतोय ते इथवर ऐकू येत नाही, पण मध्येच सगळा घोळका खदखदून हसतो. त्याचे खेळाडू त्याच्याबद्दल बोलायला लागले की हसण्याचा उल्लेख आल्याशिवाय राहत नाही. चेंडूवर पाय न ठेवता तो एका बचावपटूला खांद्याला धरून थोडं वळवतो, अर्धवट कडेला, म्हणजे तिला चेंडूही दिसेल आणि पाठीमागून पळणारी मुलगीही. बस, एवढंच. लेफ्ट बॅकने आयुष्यभर जे केलं ते दोन हातांच्या एका हालचालीत दुसऱ्याच्या अंगात उतरलं. मग तो मागे सरकतो आणि त्यांना खेळू देतो.

ती बुटकी, चपळ, चेंडू पायाला चिकटवून सुसाट सुटणारी मुलगी पाहा. टिफनी मिलब्रेट, इथलीच, पोर्टलंडची. या विद्यापीठाकडून ती १०३ गोल करून जाईल. तिच्या पुढच्या बाजूला शॅनन मॅकमिलन. दोन वर्षांनी, १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये, नॉर्वेविरुद्धच्या उपांत्य सामन्यात शॅननचा गोल्डन गोल अमेरिकेला अंतिम फेरीत नेईल आणि अंतिम सामन्यात विजयी गोल टिफनीचा असेल. महिलांच्या फुटबॉलला ऑलिंपिकमध्ये जागा मिळाली ते पहिलं वर्ष. पहिल्या सुवर्णपदकाचे दोन निर्णायक गोल या कड्यावरच्या चिखलातून आलेले.

अमेरिकेत मुलींच्या खेळाला बळ मिळालं ते १९७२ च्या एका कायद्याने. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलींशी भेदभाव करता येणार नाही, असं ‘टायटल नाइन’ने बजावलं. कायद्याने संघ निघाले, मैदानं मिळाली, शिष्यवृत्त्या मिळाल्या. पण कायदा सराव घेत नाही. १९८९ साली महिला संघ हातात घेणाऱ्या कित्येकांच्या लेखी ते दुय्यम काम होतं. क्लाइव्हने दोन्ही संघांना तोच वेळ, तीच शिस्त, तेच विनोद दिले. स्वतःच्या देशात त्वचेच्या रंगावरून कोण किती वर चढू शकतं हे त्याने पाहिलं होतं. दुसऱ्या कुणाची वाट अडवली जाऊ नये याची त्याला चाड असणार, असा माझा तर्क आहे.

पुरुषांकडेही बघा. १९८८ साली गोलपोस्टमध्ये एक अठरा वर्षांचा मुलगा उभा राहिला आणि संघ एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट अंतिम चौघांत पोचला. केसी केलर. पुढे मिलवॉल, लेस्टर, टॉटनहॅम, बोरुसिया म्युनशनग्लाडबाख. ज्या काळात युरोपला अमेरिकन फुटबॉलपटू ही कल्पनाच पचत नव्हती, त्या काळात त्याने तिथे वर्षानुवर्षं गोल राखला. नंतर स्टीव्ह चेरुंडोलो आला, दोन हंगाम खेळला, १९९९ च्या सुरुवातीला जर्मनीत हानोफरला गेला आणि निवृत्त होईपर्यंत त्याच एका क्लबात राहिला. राइट बॅक तो. उभं कुठे राहायचं हे त्याला कुणी शिकवलं ते तुम्ही आत्ताच पाहिलंत.

१९९५ चा हंगाम मी तुम्हाला फार वेळ दाखवणार नाही, तो दुखतो. दोन्ही संघ अंतिम चौघांत! एका प्रशिक्षकाने हे करून दाखवावं ही गोष्टच अचाट. मुली नोत्रदामविरुद्ध अंतिम सामन्यात तिसऱ्या जादा वेळेपर्यंत झुंजल्या आणि एका गोलने हरल्या. मुलं विस्कॉन्सिनकडून उपांत्य फेरीत एका गोलने हरली. त्यानंतरही पोर्टलंड पुन्हा पुन्हा त्या दारापर्यंत गेलं आणि परत आलं. महिलांची ही स्पर्धा १९८२ साली सुरू झाली, आणि २००० पर्यंतच्या एकोणीस विजेतेपदांपैकी सोळा एकट्या नॉर्थ कॅरोलायनाने नेली होती. उरलेल्या तीन विजेतेपदांसाठी सगळा देश भांडत होता.

राष्ट्रीय संघानेही त्याला बोलावलं. १९९८ च्या विश्वचषकात तो अमेरिकेचा सहायक प्रशिक्षक होता. तिन्ही सामने गेले. मग २००० चं सिडनी ऑलिंपिक, आणि या वेळी संघ त्याचा. चला, एक रात्र ॲडलेडला घालवू. उपांत्यपूर्व सामना, समोर जपान. २-२. पेनल्ट्या. जपानच्या हिदेतोशी नाकाताचा फटका खांबावर आदळतो आणि अमेरिकेची पोरं धावत सुटतात. पुढे स्पेन आणि चिलीने त्यांना हरवलं, चौथा क्रमांक आला. ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या पुरुष राष्ट्रीय संघाने तोवर एवढी मजल मारली नव्हती. बाकाजवळ उभ्या असलेल्या त्या माणसाकडे मात्र जरा जास्त वेळ बघा. त्याच वर्षी त्याला प्रोस्टेटचा कर्करोग असल्याचं निदान झालंय. तो घरी परतल्यावर काय करेल? कड्यावर जाईल, दोन संघांचा सराव घेईल.

२००१ मध्ये कॅनडाच्या बर्नबीहून एक अबोल मुलगी आली. क्रिस्टीन सिंक्लेअर. सोळाव्या वर्षी देशाकडून खेळून झालेलं. बोलणं कमी, गोल भरपूर.

ऑगस्ट २००२ मध्ये लंडनमध्ये जॉन चार्ल्स गेला. कर्करोगानेच, सत्तावन्नाव्या वर्षी. ज्याने वाट पाडली तो भाऊ. आणि त्याच महिन्यात पोर्टलंडमध्ये नवा हंगाम सुरू झाला.

डिसेंबर २००२, टेक्सासमधलं ऑस्टिन. मायर्स स्टेडियम. अंतिम सामना, समोर सांता क्लारा: गतविजेते, आणि पोर्टलंडच्याच विभागीय लीगमधले. एकमेकांच्या सगळ्या खोड्या पाठ. क्लाइव्ह बाकाजवळ आहे. आजार आता त्याच्या अंगावर दिसतो. सामना १-१ वर अडकलाय, पोर्टलंडचा गोल सिंक्लेअरचा. घड्याळ शून्यावर येतं. जादा वेळ. नियम असा की पहिला गोल करेल तो जिंकेल, लगेच, तिथल्या तिथे. तुम्ही १९९५ मधून आला आहात. तुम्हाला माहीत आहे जादा वेळ पोर्टलंडशी कशी वागते. हात घट्ट आवळले जातात, प्रत्येक वेळी चेंडू सांता क्लाराच्या पायात गेला की पोटात खड्डा पडतो.

आणि मग चेंडू सिंक्लेअरकडे. गोल.

ओरडा! जांभळे शर्ट एकमेकांवर कोसळताहेत. २-१. या विद्यापीठाचं कुठल्याही खेळातलं हे पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. क्लाइव्हचा महिला संघाबरोबरचा चौदावा हंगाम, विद्यापीठातला सतरावा. मुली त्याच्याकडे धावत जातात, आणि ज्यांच्या चार वर्षांची आज अखेर झाली त्या सगळ्यात पुढे आहेत.

२६ ऑगस्ट २००३ ला तो गेला. एक्कावन्न वर्षांचा होता. दोन्ही संघांचे मिळून ४३९ विजय. पुरुष संघ कार्डिफपासूनचा त्याचा सोबती, गोलरक्षक बिल अर्विन याने घेतला आणि महिला संघ त्याचा सहायक गॅरेट स्मिथ याने. दोघेही त्याच बाकावर त्याच्या शेजारी बसलेले. २००५ मध्ये मुलींनी पुन्हा विजेतेपद आणलं, यूसीएलएला ४-० असं धुऊन. त्या हंगामात सिंक्लेअरचे गोल होते ३९. तोवर एनसीएएच्या पहिल्या श्रेणीत एका हंगामात कुणीही एवढे केले नव्हते.

शेवटची उडी. २०२४. तुम्ही पुन्हा सिव्हिक स्टेडियममध्ये आहात. आता त्याचं नाव प्रॉव्हिडन्स पार्क. छप्पर बदललंय, स्टँड उंच झालेत, आणि वीस-पंचवीस हजार माणसं महिलांच्या व्यावसायिक सामन्याला आली आहेत. सिंक्लेअर पाठीवर १२ क्रमांक घेऊन उतरते, वय एकेचाळीस. पोर्टलंड थॉर्न्स सुरू झाला तेव्हापासून, २०१३ पासून, ती इथेच आहे. तीनदा लीग जिंकलीय. देशाकडून १९० गोल केलेत, पुरुष असो वा स्त्री, आजवर कुणीही केले नव्हते इतके. हा तिचा शेवटचा हंगाम. डाव्या बगलेला जिथून ती आत्ता चेंडू घेऊन निघालीय, तिथेच १९७८ मध्ये एक लेफ्ट बॅक उभा असायचा. उत्तरेकडच्या स्टँडमध्ये कुणी बसत नाही, तेव्हा तुम्हीही उभे राहा आणि तिच्या नावाने जोरात ओरडा.